तगरचं तेर, खर्पराचं खापर

महाराष्ट्राच्या नकाशावर ‘नेर’वर संपणारी गावं पुष्कळ आहेत. संगमनेर, पारनेर, अमळनेर, जामनेर, पिंपळनेर. यवतमाळ जिल्ह्यात तर मागेपुढे काहीच न लावता नुसतं नेर. गावात चौकशी केली की प्रत्येक नावामागची गोष्ट तयार असते. पारनेरकर पराशर ऋषींना पुढे करतात, आणि कुणी ना कुणी ऋषी, राजा किंवा देवी प्रत्येक गावाच्या मदतीला धावून येते. भाषेच्या अभ्यासकांचं उत्तर त्या मानाने रुक्ष आहे. हे ‘नेर’ म्हणजे ‘नगर’. प्राकृतात दोन स्वरांच्या मधला ‘ग’ गळाला, त्याच्या जागी हलकासा ‘य’ आला, नगरचं ‘नयर’ झालं, आणि ‘अय’चा ‘ए’ होऊन ‘नेर’. कदलीचं ‘कयली’ होऊन केळ झालं आणि मदनाचं ‘मयण’ होऊन मेण झालं, ती हीच वाट. जुन्नरही याच घरातलं. जीर्णनगर, म्हणजे जुनं नगर. तिथे झीज जरा जास्त झाली इतकंच.

आता या ‘नेर’शेजारी ‘तेर’ ठेवून पाहा. नगरचं नेर होतं, तर तेर कशाचं होईल? तगरचं.

तेर हे धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीकाठचं गाव. शेजारच्या ढोकीला सोबत घेऊन ‘तेरढोकी’ असं जोडनाव म्हणण्याची जुनी पद्धत आहे आणि वारकऱ्यांना ते कुंभार संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक आहे. इतिहासकार मात्र या गावाला बराच काळ दुसरीकडेच शोधत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची एक वाटाडी पोथी लिहिली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचं फार मोठं शहर आहे, असं तो सांगतो. तिथून जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात येते, हेही त्याने नोंदवलंय. ठाणे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे तर शतकानुशतकं ‘तगरपुरवराधीश्वर’ ही बिरुदावली मिरवत राहिले. राज्य कोकणात किंवा कोल्हापुरात, आणि अभिमान तगरचा. एवढं मोठं शहर गेलं कुठे? एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी देवगिरीपासून जुन्नरपर्यंत आणि धारूरपासून कोल्हापूरपर्यंत बोट फिरवून पाहिलं. अखेर 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी ते तेरवर टेकवलं. अंतर आणि दिशा यांचा हिशेब त्यांनी केलाच, पण त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता तो शब्दाच्या झिजेचा: तगर, तयर, तेर. पुढच्याच वर्ष-दोन वर्षांत हेन्री कझिन्स यांनी गावात येऊन देवळं आणि टेकाडं पाहिली आणि पुराव्याला जमिनीचा आधार मिळाला.

मला या प्रकरणातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते ती पेरिप्लसकाराचा कान. तो पैठणला ‘प्रतिष्ठान’ म्हणत नाही, ‘पैठण’च्या जवळचं नाव लिहितो. म्हणजे त्याने संस्कृत ग्रंथ उघडले नव्हते. बाजारात, गाडीवानांच्या तोंडी जे ऐकू आलं ते त्याने उतरवलं. अशा माणसाने ‘तगर’ असं ‘ग’सकट लिहावं, याचा अर्थ तेव्हा निदान व्यापाऱ्यांच्या बोलण्यात तो ‘ग’ अजून शाबूत होता. पुढे इसवी सन 612 च्या चालुक्य ताम्रपटात तगरचा रहिवासी म्हणून एक ब्राह्मण दान घेतो, तिथेही ‘ग’ आहे, पण तो ताम्रपट लिहिणाऱ्या पंडिताच्या लेखणीचा. अकराव्या शतकाच्या सुमारास मुनी कनकामर अपभ्रंशात ‘करकंडचरिउ’ लिहितात, तेव्हा धाराशिवच्या लेण्यांजवळच्या या गावाचं नाव ते ‘तेरापुर’ देतात. (हा ग्रंथ हिरालाल जैन यांनी संपादून 1934 मध्ये विदर्भातल्या कारंजाच्या ग्रंथमालेत छापला.) म्हणजे शिलाहारांचे लेखक दगडावर आणि तांब्यावर ‘तगर’ खोदत होते तेव्हा माणसं केव्हाच ‘तेर’ म्हणत होती. सरकारी पाटीवर एक आणि एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी दुसरं, हा प्रकार आपल्याकडे जुनाच आहे.

शब्दांच्या शोधात चकवे फार. कानडीत ‘तेरु’ म्हणजे रथ, आणि हा मुलूख कानडीचा शेजारी. तेव्हा ‘रथाचं गाव ते तेर’ अशी व्युत्पत्ती सुचायला वेळ लागत नाही. सुचावी, पण ठेवू नये. तिच्यामागे एकही जुना लेख उभा नाही आणि तगरमागे हजार वर्षांचे उभे आहेत. दुसरा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारेल: मग अंगणातली पांढऱ्या फुलांची तगर तशीच कशी राहिली, तिची ‘तेर’ का झाली नाही? कारण फुलाचं नाव पूजेच्या आणि वैद्यकाच्या पोथ्यांतून पुन्हा पुन्हा भाषेत येत राहिलं. ‘नगर’चंही तसंच. संगमनेरमध्ये ते झिजलं आणि अहिल्यानगरमध्ये कोऱ्या रूपात बसलंय, दोन्ही एकाच जिल्ह्यात.

अशा या गावात एक संग्रहालय आहे. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून ठेवलेल्या वस्तूंपासून ते उभं राहिलं. संग्रह शासनाकडे गेला आणि संग्रहालयाला त्यांचं नाव मिळालं. तालुक्याचंही ठिकाण नसलेल्या गावात मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती, हस्तिदंती काम आणि खापरांचे ढीग, सगळं दोन हजार वर्षांच्या आसपासचं आणि जवळपास सगळं त्याच गावच्या मातीतलं. मुंबईच्या संग्रहालयात वस्तू देशोदेशींहून येतात. इथे त्या फार तर हाकेच्या अंतरावरून आल्या आहेत.

‘संग्रहालय’ हा शब्द दिसायला प्राचीन आणि वयाने लहान. ‘संग्रह’ जुना, ‘आलय’ही जुनं, दोघांचं लग्न मात्र इंग्रजी अमदानीत लागलं. आधी ‘पदार्थसंग्रहालय’ असा शब्दही चालत असे. पदार्थ म्हणजे वस्तू, हा अर्थ तेव्हा जिवंत होता. आज ती पाटी लावली तर लोक आत जाऊन थालीपीठ मागतील, म्हणून ‘वस्तुसंग्रहालय’ टिकलं ते बरं झालं. फारसी वळणाचा ‘अजबखाना’ मराठी कोशांत आहे, हिंदीत ‘अजायबघर’ आहे, आणि 1814 साली स्थापन झालेल्या कोलकात्याच्या इंडियन म्युझियमला बंगाली माणूस ‘जादुघर’ म्हणतो. या शब्दांत निदान पाहणाऱ्याचं आश्चर्य तरी आहे. ‘संग्रहालय’मध्ये गोळा करणाऱ्याचे श्रम आहेत, पाहणारा कुठेच नाही. ‘म्युझियम’चं मूळ ग्रीक, कलादेवतांचं स्थान. गावात विचाराल तर ‘म्युझियम’च म्हणतात, शब्द कुठल्या देवतांचा याची कुणाला पडलेली नाही.

या वस्तू सापडल्या कशा, हे सांगायला मराठीत एक असा शब्द आहे की तो नसता तर दख्खनच्या पुरातत्त्वाची अर्धी वाट बंद झाली असती: पांढरी. गावाच्या जमिनीचे दोन भाग. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षं एकाच जागी माणसं राहिली की चुलीची राख, शेण, कोसळलेल्या मातीच्या भिंती आणि हाडकं यांचे थर साचतात आणि काळ्या रानात एक फिकट उंचवटा तयार होतो. ‘पांढरा’चा माग संस्कृत ‘पाण्डर’कडे जातो. हा रंगाचा शब्द मग जागेचा झाला आणि पुढे माणसांचाही. जुन्या कागदपत्रांत ‘पांढरी’ म्हणजे अख्खं गाव, गावातले समस्त लोक. ज्या टेकाडाला आज कुणी घर बांधत नाही पण लोक ‘पांढरी’ म्हणतात, तिथे कधीतरी वस्ती होती असं समजून पुरातत्त्ववाला वाकून पाहायला लागतो. पावसाने ही माती धुपली की मणी आणि नाणी उघडी पडतात. हीच माती खत म्हणून शेतात टाकायला आणि माळवदावर पसरायलाही चांगली, म्हणून गाडीच्या गाडी भरून ती नेली जाते आणि तिच्याबरोबर इतिहासही नेला जातो. पांढरी हा शब्द शोधणाऱ्यालाही कळतो आणि उकरून नेणाऱ्यालाही.

पांढरीत जास्तीत जास्त जे सापडतं ते फेकलेलं. ‘उकिरडा’ची कुळी संस्कृत ‘उत्कर’पर्यंत पोचते, उत्कर म्हणजे उकरून टाकलेल्याचा ढीग, प्राकृतात त्याचं ‘उक्करड’ झालं. ‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ असं आपण म्हणतो. तेरच्या उकिरड्याला जरा जास्त थांबावं लागलं. 1958 साली बा. ना. चापेकर यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं आणि पुढेही खणत्या होत राहिल्या. कुणाच्या तरी घरचं फुटलेलं भांडं, तुटलेली बांगडी, मोडलेली बाहुली यांना क्रमांक मिळाले.

या क्रमांकांपाशीच माझी एक जुनी तक्रार आहे, आणि ती फक्त तेरबद्दल नाही. आपल्याकडच्या बहुतेक संग्रहालयांबद्दल आहे. वस्तूशेजारच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘मृद्भांड’, ‘मृण्मय मूर्ती’, ‘मृत्पात्राचे झाकण’, ‘द्वारशाखा’. एकदा अशाच एका गावच्या संग्रहालयात काचेपलीकडची उथळ, काठ वळवलेली मातीची थाळी पाहून एक आजी नातवाला म्हणाल्या, “ही तर येळणी की रं! आमच्या सासूकडं व्हती, कालवणावर झाकायची.” नातू चिठ्ठी वाचत होता. त्याने ‘मृ’पर्यंत मजल मारली आणि सोडून दिलं. बरोबर दोघंही होते, पण त्या खोलीत शब्द एकाच्या बाजूचा होता. मोल्सवर्थच्या कोशात ‘वेळणी’ आहे: झाकणासाठी वापरायचं उथळ मातीचं भांडं. मराठवाड्याच्या तोंडी तिची येळणी. मृत्पात्राचं झाकण म्हणजे तीच ती, फक्त तिला कुणी हाक मारू नये अशा बेताने लिहिलेली.

असं का होतं ते कळतं. परिभाषा घडवणाऱ्यांना सगळ्या महाराष्ट्रात एकच अर्थ देणारा शब्द हवा असतो आणि संस्कृतची टाकसाळ त्यासाठी सोयीची. पण टाकसाळीतून आत्ताच बाहेर पडलेलं नाणं चकचकीत असतं आणि हजारो हातांतून फिरलेल्या नाण्यावर राजाचा चेहराही धड दिसत नाही. तरी जुनं कुठलं, हे सांगायला जाणकार लागत नाही. ‘मृद्भांड’ कोरं आहे. ‘खापर’ झिजलेलं आहे. आणि गंमत अशी की त्या काचेमागे जे ठेवलंय ते ज्या माणसांनी घडवलं, त्यांच्या तोंडी खापरचा पूर्वज होता.

खापर म्हणजे ‘खर्पर’: भिक्षापात्र, आणि कवटीसुद्धा. प्राकृतात ‘खप्पर’, मराठीत खापर. डोकं आणि भांडं यांची गाठ आपल्या भाषेने सोडलेली नाही, म्हणून कुणाचं तरी खापर नेहमी कुणाच्या तरी डोक्यावरच फुटतं, पाठीवर किंवा हातावर फुटत नाही. आणि पणजोबाच्याही मागच्या पिढीला आपण ‘खापरपणजोबा’ म्हणतो. ज्याचं नाव कुणाला आठवत नाही, फोटो नाही, सातबारावरही नाही, त्या पूर्वजाला मराठीने खापराच्या हवाली केलंय. तेरच्या संग्रहालयात आणखी काय असतं?

एक तुकडा जवळून पाहा. रांजणाचा असेल, बोटभर जाड. बाहेरून चोपून गुळगुळीत केलेला आणि आतून हलके खोलगट वळ, गोलाकार. कुंभाराने आतून दगडी गोटा टेकवला आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत भिंत पातळ केली, त्याचे हे ठसे. ‘थापटणे’ हे क्रियापदही आणि हत्याराचं नावही. गोरोबाकाकांची कथा याच हत्याराभोवती फिरते: संत जमले होते, मुक्ताईने विचारलं की यांतली पक्की मडकी कुठली, आणि काकांनी एकेकाचं डोकं थापटण्याने ठोकून पाहिलं. नामदेव कच्चं मडकं निघाले. (पुन्हा डोकं आणि भांडं.) कथा खरी की रचलेली हा वाद इथे नको. तेरच्या ज्या मातीत तिने मूळ धरलं, त्या मातीत त्या कथेच्या हजार-बाराशे वर्षं आधीचीही थापटलेली खापरं आहेत, आणि ‘कच्चं मडकं’ आजही मुलाखत घेणाऱ्यांच्या तोंडी आहे.

कुंभारही त्याच झिजेतून आलेला. कुंभकार, कुंभआर, कुंभार. तगरमधला ‘ग’ गेला तसा इथला ‘क’ गेला. सोनार, लोहार, चांभार यांचीही हीच गत. सातवाहन राजांच्या काळात आणि त्यांच्या मुलखात जी प्राकृत बोलली जात होती, तिचं पुढे साहित्यात नावाजलेलं रूप ‘महाराष्ट्री’, आणि महाराष्ट्रीची ओळखच ही की दोन स्वरांमधली व्यंजनं ती पटापट गिळते. म्हणजे संग्रहालयातल्या वस्तू ज्यांच्या, ती माणसंच हे शब्द झिजवायला बसली होती. भट्टीला आपण ‘आवा’ म्हणतो तो ‘आपाक’चा. रांजणाचा संबंध पालीतल्या ‘अरंजर’शी, म्हणजे मोठ्या पाण्याच्या भांड्याशी, जोडतात. संक्रांतीला आपण पूजतो ती सुगडं म्हणजे ‘सुघट’, चांगले घडे. दोन दिवस बाजारात दिसतात आणि वर्षभर शब्दासकट गायब होतात.

विटेचं सांगायलाच हवं, कारण तेर हे विटांचं गाव. त्रिविक्रमाचं देऊळ मागच्या बाजूने अर्धगोल आहे. कझिन्सना ते मुळात बौद्ध चैत्यगृह वाटलं होतं. उत्तरेश्वर आणि कालेश्वर हीदेखील विटांची जुनी देवळं. इथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, असं सांगतात. वीट म्हणजे ‘इष्टका’. प्राकृतात ‘इट्टा’, हिंदीत ‘ईंट’, आणि मराठीने मात्र पुढे एक ‘व’ चिकटवून घेतला. बाकी ठिकाणी अक्षरं गिळणारी भाषा इथे पदरचं अक्षर घालते. ‘मला वीट आला’ यातला वीट पुल्लिंगी आणि वेगळा. त्याला या देवळांत जागा नाही.

तेरची सगळ्यात प्रसिद्ध वस्तू वितीएवढीही नाही. हस्तिदंतात कोरलेली एक स्त्री, अंगावर दागिने भरगच्च, बाकी वस्त्राचा फारसा सोस नाही. 1938 साली इटलीत पाँपेईच्या खोदकामात एक हस्तिदंती मूर्ती मिळाली, तिची आणि हिची जात एकच. पाँपेई व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं ते इसवी सन 79 मध्ये, म्हणजे ती मूर्ती त्याआधी हिंदुस्थानातून तिकडे पोचलेली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशीच एक सापडली. भोकरदन म्हणजे ‘भोगवर्धन’. त्या नावाचंही काय झालं ते दिसतंच आहे. या बायका आरशाच्या मुठी असाव्यात, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे.

आणि आरसा म्हणजे ‘आदर्श’. संस्कृतात आदर्श म्हणजे ज्यात पाहायचं ते, दर्पण. प्राकृतात त्याचं ‘आअरिस’ झालं, मराठीत आरसा. मूळ शब्दाचं मात्र तिकडे पोथीत भलं चाललं होतं. ज्यात पाहून आपलं रूप नीट करायचं ते, म्हणून ‘नमुना’ असा अर्थ त्याला आला आणि विसाव्या शतकात तो मराठीत पुन्हा दाखल झाला तो ‘आदर्श शिक्षक’, ‘आदर्श गाव’ असे फलक घेऊन. कमानीवर आदर्श गाव लिहिलेलं आणि आत कुणाच्या ओट्यावर दाढी करताना भिंतीला टेकवलेला आरसा: एकाच आईची दोन मुलं, एक पंचायतीत गेलं आणि एक न्हाणीघरात राहिलं. चिठ्ठीवर ‘दर्पणाची मूठ’ असं लिहिलं की हे सगळं नातं तुटतं.

‘यंत्रा’चंही असंच. दख्खनच्या उत्खननांत सातवाहनकाळातले चार पाय असलेले दगडी पाटे सापडतात, फिरती जातीही सापडतात. जातं म्हणजे ‘यंत्र’. प्राकृतात ‘जंत’, जुन्या मराठीत ‘जांतें’. हजारभर वर्षं बायकांनी पहाटे उठून जे ओढलं आणि ज्याच्यापाशी ओव्या रचल्या, ते यंत्रच होतं, शब्दशः. मग विजेची गिरणी आली, तिला लोक ‘यंत्रावरचं दळण’ म्हणू लागले, आणि जातं कोपऱ्यात गेलं. यंत्राने यंत्राला हटवलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे तेच जातं संग्रहालयाच्या दाराशी, बहुधा उन्हातच, ठेवलेलं असतं. त्याची चिठ्ठी वाऱ्याने कधीच उडालेली असते. त्याला ती लागतही नाही म्हणा.

नाण्यांच्या काचेपाशी लोक जास्त वेळ थांबतात, पण त्यांना किंमत विचारायची असते. शिशाची, पोटिन या मिश्रधातूची सातवाहन नाणी, लेख प्राकृतात. राजाच्या नावाआधी ‘रञो’, म्हणजे ‘राजाचं’. त्या काळात पश्चिमेकडच्या व्यापाराबरोबर पैशाचे शब्दही आले. ग्रीक ‘द्राख्म’चं संस्कृतात ‘द्रम्म’ झालं. शिलाहारांच्या लेखांत द्रम्म मोजून दिलेले आहेत. आणि मराठीत आला ‘दाम’. दाम करी काम म्हणताना, दामदुप्पट मागताना आणि छदामही देणार नाही असं सांगताना आपण ग्रीक बोलत असतो. पेरिप्लसकार आज ढोकीच्या बाजारात उतरला तर निदान हा एक शब्द त्याला अर्धवट तरी ओळखीचा वाटेल. ‘पुतळी’चा प्रवास याच्या उलटा. ती इथलीच, ‘पुत्तलिका’, म्हणजे बाहुली. पुढे व्हेनिसहून सोन्याची नाणी आली, त्यांवर माणसांच्या आकृती, म्हणून आपण त्या नाण्यांनाच पुतळ्या म्हणायला लागलो आणि त्यांची माळ करून गळ्यात घातली. आता काचेमागच्या भाजक्या मातीच्या बाहुलीला पुतळी म्हणायला मराठी माणूस बिचकतो, कारण त्याला सोनं आठवतं. तेरच्या मातीच्या मूर्तींत पांढऱ्या केओलिनच्या, दोन साच्यांत घालून जोडलेल्या पोकळ मूर्ती आहेत. आजीच्या शब्दांत त्या बाहुल्या.

उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट हे तिथलं आणखी एक नावाजलेलं काम. पाषाणाच्या चौकटी महाराष्ट्रात किती तरी, पण एवढ्या जुन्या काळातलं लाकूड टिकणं दुर्मीळ. तिला ‘द्वारशाखा’ म्हणतात आणि इथे मी तो शब्द सोडायला सांगणार नाही. देवळाच्या दाराला शाखा किती, त्यांवर काय कोरलंय, याचं एक शास्त्र आहे आणि ते ‘चौकट’ या शब्दात मावत नाही. पण खालच्या आडव्या तुकड्यासाठी ‘उंबरा’ ठेवावा. ‘उदुंबर’ म्हणजे उंबराचं झाड आणि संस्कृतातच ‘दाराचं खालचं लाकूड’ असाही त्याचा अर्थ आहे. झाडाचं नाव दाराला मिळालं. आपण सिमेंटचा उंबरा करतो, शहाबादी फरशीचा करतो, आणि फ्लॅटमध्ये तर नसलेलाच उंबरठा ओलांडतो. शब्दाला लाकूड लागत नाही.

मग चिठ्ठीवर लिहावं काय? वर शास्त्राचा शब्द, खाली गावचा, असं मी कधी कधी सुचवून पाहतो. त्यावर एक हरकत येते आणि ती रास्त आहे: गावचा म्हणजे कुठल्या गावचा? येळणी तेरला, वेळणी कोशात, आणि घाटाखाली त्याच थाळीला आणखी काहीतरी म्हणत असतील. मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला ही अडचण खरोखरच आहे. तिथे नागपूरचा माणूसही येणार आणि मालवणचाही. तेरला ती नाही. वस्तू तिथली, माती तिथली, पाहायला येणाऱ्यांत शाळेच्या सहली आणि गोरोबाकाकांच्या दर्शनाला आलेली माणसं. नोंदवहीत सापडल्याची जागा, थर, माप, द्रव्य असे रकाने असतातच. त्यांत ‘इथे याला काय म्हणतात’ हा एक रकाना वाढवायचा आणि तो भरायला कुंभारवाड्यातल्या सत्तरीच्या वरच्या बाईला खुर्ची द्यायची. तिला वस्तू हातात घेऊ द्यायची नसेल तर नको, काचेतून दाखवली तरी ती सांगेल. मात्र हे लवकर करावं लागेल. सध्या कालवणावर स्टीलचं ताट उपडं ठेवतात आणि त्याला झाकण म्हणतात.